होयाच्या पानांवरचे डाग: तेल्या म्हणायचा की ऊन लागले?

जुळेसोलापूर_गॅलरी · ५ मे, रात्री ९.४०

नमस्कार. माझ्या गॅलरीत होया या जाड, मेणकट पानांच्या शोभेच्या झाडाचे वेगवेगळ्या जातींचे तीन वेल आहेत: चार वर्षांचा कार्नोसा, बदामाच्या आकाराच्या पानांचा केरी आणि फेब्रुवारीत कुरिअरने मागवलेला प्युबिकॅलिक्स. गॅलरी तिसऱ्या मजल्यावर, पश्चिमेकडे तोंड करून आहे आणि दुपारी तीननंतर तिच्यात उभे राहवत नाही, हे सोलापूरकरांना वेगळे सांगायला नको. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापासून तिन्ही वेलांच्या पानांवर काही ना काही दिसू लागले आहे. कार्नोसाच्या बाहेरच्या पानांवर बिस्किटाच्या रंगाचे मोठे चट्टे पडले आहेत. त्याच वेलाच्या जुन्या पानांच्या मागच्या बाजूला, देठाकडून सुरुवात होऊन, गंजासारखा खरखरीत थर चढला आहे. प्युबिकॅलिक्सच्या खालच्या दोन पानांवर पिवळी कड असलेले गोल काळपट ठिपके आहेत आणि त्याच्या बाकीच्या पानांवर चंदेरी शिंतोडे आहेत. शिवाय सगळ्यांवर पांढुरके ठिपके आहेत, ते तर मोजण्यापलीकडचे.

केलेले उपाय प्रामाणिकपणे सांगते. एका दुकानदाराने पान न पाहताच पिवळसर बुरशीनाशकाची पुडी हातात ठेवली, ती मी दोनदा फवारली. नंतर एका रविवारी सकाळी दहा वाजता कडुनिंबाचे तेल फवारले. प्रमाण आठवत नाही, पण सढळ हाताने घातले होते. त्यानंतर पानांच्या टोकांवर आणखी नवे, गडद तपकिरी डाग आले. माझे धाकटे दीर सांगोल्याकडे डाळिंब करतात. फोटो पाहून ते म्हणाले, "वहिनी, हा आमच्या डाळिंबावरचा तेल्या रोगच आहे, कुंडीसकट टाकून द्या." चार वर्षांचा वेल टाकवत नाही. कोणी मार्ग दाखवील का?

डाळिंबवाला_मंगळवेढा · ५ मे, रात्री १०.१५

ताई, वेल टाकू नका. तुमच्या दिरांनाही दोष देऊ नका. ज्याची बाग तेल्याने एकदा धरली, त्याला पुढे प्रत्येक काळ्या ठिपक्यात तेल्याच दिसतो. माझेही तेच झाले आहे, बायको लिंबाच्या पानावरचा डाग दाखवते तेव्हासुद्धा छातीत धस्स होते. परंतु तेल्या हा झॅन्थोमोनास जिवाणूच्या डाळिंबावर येणाऱ्या प्रकारामुळे होतो आणि त्याला पावसाळी, ढगाळ, दमट हवा लागते. मे महिन्याच्या कोरड्या भट्टीत तो तिसऱ्या मजल्यावरच्या होयावर येऊन बसेल, हे मला पटत नाही.

तेल्यासाठी आम्ही जी खूण पाहतो, ती मात्र कोणत्याही जिवाणूजन्य डागाला लावून पाहण्यासारखी आहे. डाग असलेले पान सकाळच्या उन्हाकडे धरा. जिवाणूचा ताजा डाग तेल लागलेल्या कागदासारखा, पाणी मुरल्यासारखा दिसतो आणि त्यातून उजेड आरपार येतो. डाग कोरडा, अपारदर्शक असेल तर जिवाणूवरचा संशय बराच कमी होतो. होयाचे पान जाड असते, त्यामुळे डागाची कड नीट पाहावी लागेल.

ताणाबाणा · ६ मे, सकाळी ७.०५

ताई, तुम्ही वर्णन चांगले केले आहे, आणि त्यावरून एवढे नक्की दिसते की हे एकच दुखणे नाही. तीन-चार वेगवेगळी कारणे एकाच गॅलरीत जमली आहेत आणि त्यांतले निदान एक तुम्ही स्वतः फवारले आहे. रागावू नका, माझ्या गच्चीवर मीही हेच केले होते. आता आठवडाभर काहीही फवारू नका. कुंड्या तेवढ्या आजच गॅलरीतून काढून, खिडकीचे ऊन पानांवर थेट पडणार नाही अशा खोलीत ठेवा, मात्र कूलरच्या झोतात ठेवू नका.

या आठवड्यात चार गोष्टी करून पाहा. प्रत्येक प्रकारच्या एकेका डागाभोवती, सीडीवर लिहायला मिळते त्या पेनाने, कडेला अगदी लागून रेघ ओढा आणि पानावरच बारीक तारीख घाला. होयाच्या मेणकट पानावर ती छान टिकते. दुसरी गोष्ट, डागावरून डोळे मिटून बोट फिरवा. तो खोलगट लागतो, फुगीर लागतो की पानाच्या पातळीतच आहे, हे डोळ्यांपेक्षा बोटाला लवकर कळते. तिसरी, गंज चढलेल्या पानाखाली पांढरा कागद धरून पानाला टिचकी मारा. कागदावर पडलेल्या कणांकडे मिनिटभर पाहत राहा. एखादा कण चालू लागला तर त्यावरून बोट ओढा आणि रेघेचा रंग सांगा. चौथी, पांढरे ठिपके आधी साध्या ओल्या फडक्याने पुसा, आणि जे राहतील ते कपभर पाण्यात चमचाभर लिंबाचा रस घालून त्याने पुसा. मग पुन्हा चांगल्या पाण्याचा हात फिरवा.

भिंग लागेल. बाजारातून आणण्याआधी घरात शोधा. सोलापुरात पुष्कळ घरांत कापडाचे धागे मोजायचे घडीचे भिंग एखाद्या कपाटात पडलेले असते. ताण्याबाण्याचे धागे मोजायला केलेले ते भिंग पानाच्या शिरांवर ठेवले की चांगले बसते आणि हात हलत नाही. मी वडिलांचे भिंग याच कामासाठी वापरतो.

नवीपेठ_टेरेस · ६ मे, दुपारी १२.३०

एवढा अभ्यास करण्यापेक्षा इमिडाक्लोप्रिड एकदा मुळाशी ओतावे. ते झाडात भिनते आणि चोखणारी प्रत्येक कीड मरते. माझ्या जास्वंदीचा मावा आणि पांढरी माशी दोन्ही त्यानेच गेले.

ताणाबाणा · ६ मे, सायंकाळी ६.२०

मावा आणि पांढरी माशी जातील, हे खरे आहे. पण ताईंच्या वर्णनातली गंजासारखी खरखर मला कोळ्याची, म्हणजे पानांचा रस चोखणाऱ्या अगदी बारीक माइटची वाटते, आणि हा कोळी कीटक नाही. त्याला आठ पाय असतात आणि तो कोळीवर्गातला आहे. इमिडाक्लोप्रिड त्याला मारत नाही. उलट ते वापरल्यानंतर कोळी वाढल्याचा अनुभव पुष्कळ पिकांत आलेला आहे. कारण कळण्याआधीच औषध ओतायचे नाही, एवढाच माझा आग्रह आहे.

जुळेसोलापूर_गॅलरी · १३ मे, रात्री ९.१०

भिंग खरोखरच घरात निघाले. सासरे कापड गिरणीत होते. त्यांच्या जुन्या डब्यात, पासबुकांखाली ते होते. आता निरीक्षणे लिहिते.

बिस्किटी चट्टे आठवड्यात रेघेबाहेर एक केसभरही गेलेले नाहीत. बोटाला ते कागदासारखे पातळ आणि किंचित खोलगट लागतात. एक गोष्ट मी आधी पाहिलीच नव्हती: एका मोठ्या चट्ट्याच्या मधोमध हिरवी, स्वच्छ जागा आहे आणि तिचा आकार वरच्या पानाच्या टोकासारखा आहे. वेल पूर्वीसारखा धरून पाहिला, तर वरच्या पानाची सावली नेमकी तिथेच पडत होती.

तेलानंतर आलेले डाग बहुतेक पानांच्या टोकाला आणि कडेला आहेत, म्हणजे थेंब लोंबत राहतो त्या जागी. एका पानावर तर ओघळाचीच वाट उमटली आहे. पांढऱ्या ठिपक्यांपैकी काही साध्या पाण्याने निघाले आणि फडके पिवळसर झाले. उरलेले लिंबाच्या पाण्याने गेले. आमच्याकडे नळाचे पाणी रोज येत नाही, त्यामुळे झाडांना बोअरचेच पाणी घालते आणि तेच पानांवरही शिंपडत असे.

कागदावर पडलेल्या कणांपैकी काही चालले. फार सावकाश, घड्याळाच्या मिनिटकाट्यासारखे. बोट ओढल्यावर तांबूस रेघ आली. भिंगातून ते चपटे, विटकरी रंगाचे दिसले आणि जाळे कुठेच नव्हते. प्युबिकॅलिक्सचे काळे ठिपके उजेडात धरले, आरपार दिसत नाहीत. त्यांतल्या एकाने मात्र रेघ ओलांडली आहे, साधारण दोन मिलिमीटर, आणि त्याच्या आत फिकट-गडद अशी वर्तुळे दिसतात. चंदेरी शिंतोडे जिथे होते तिथेच आहेत.

ताणाबाणा · १३ मे, रात्री ११.००

आता बोलायला आधार मिळाला.

बिस्किटी चट्टे उन्हाचे आहेत. पानाच्या सावलीचा ठसा मिळाल्यावर वेगळा पुरावा नको. होया ही मुळात झाडांच्या खोडांवर, पानांच्या आडून येणाऱ्या उजेडात वाढणारी वेल आहे. आपल्या सह्याद्रीतही होया वायटीआय अशीच दमट जंगलात झाडांवर चढलेली असते. तिच्याच नात्यातल्या वेलीला आपण पर्जन्यछायेत आणून, बेचाळीस अंशांत, तापलेल्या भिंतीला टेकवून पश्चिमेचे ऊन दिले. भाजलेला भाग पुन्हा हिरवा होत नाही, पण तो पसरतही नाही, आणि उरलेले हिरवे पान वेलाला अन्न देतच असते. म्हणून ही पाने तोडू नका. पाऊस सुरू झाल्यावर वेल गॅलरीत परत न्याल तेव्हा हिरव्या जाळीआड न्या आणि सकाळचे ऊन मिळेल अशी जागा असेल तर तीच द्या. भरपूर उजेडात काही होयांची पाने लालसर होतात. त्या लालीला डाग समजू नका.

टोकांवरचे डाग तेलाचे आहेत. तेल पानावर पातळ थर धरते, आणि हवा बत्तीस अंशांच्या वर असताना त्या थराने पान भाजते. सोलापुरात मेमध्ये बत्तीस अंश सकाळी नऊलाच ओलांडलेले असतात. तेल वापरायचेच तर पाऊस पडून हवा उतरल्यावर, सूर्यास्तानंतर, लिटरला पाच मिलि. या हिशेबाने आणि आधी एका पानावर दोन दिवस पाहून वापरावे. पांढऱ्या ठिपक्यांचे तुम्हीच शोधून काढले आहे: पाण्याने निघाला तो बुरशीनाशकाचा साका, लिंबाने निघाला तो बोअरच्या पाण्यातला क्षार.

चंदेरी शिंतोडे हा प्युबिकॅलिक्सचा उपजत रंग आहे. त्याच्यासाठीच लोक जास्त पैसे मोजतात, तो घालवू नका! फुलकिड्यांचे ओरखडेही चंदेरी दिसतात, पण त्यांच्यासोबत विष्ठेचे काळे बारीक बिंदू असतात आणि कोवळी पाने वेडीवाकडी होतात. तुमच्याकडे तसे नाही.

खरा प्रश्न कोळ्याचा आहे. जाळे विणणारा लाल कोळी आपण सगळेच ओळखतो. त्याच्यामुळे पानाच्या वरच्या बाजूला सुईने टोचल्यासारखे पिवळट ठिपके येतात. तुमचा हा चपटा कोळी दिसतो. तो जाळे करत नाही, चालतो सावकाश, शिरांच्या कडेला आणि देठापाशी बसतो, आणि त्याने चोखलेली त्वचा बुचासारखी तपकिरी, खरखरीत होते. पाने गंजेपर्यंत तो लक्षातच येत नाही, कारण लोक जाळे शोधत बसतात.

यावर गंधक चांगले चालते, आणि पेच इथेच आहे. द्राक्षवाल्यांना हे तोंडपाठ असते: कडक उन्हाळ्यात गंधक फवारले तर पान करपते, आणि तेलाच्या फवारणीनंतर दोन आठवड्यांच्या आत गंधक द्यायचेच नाही. तुम्ही तेल दिले आहे आणि बाहेर मे आहे, तेव्हा गंधकाची पुडी आणलीत तरी ती जून संपेपर्यंत उघडू नका. तोवर हाताने काम करावे लागेल. दर चौथ्या दिवशी कुंडीच्या तोंडावर प्लास्टिकची पिशवी बांधा, वेल न्हाणीघरात आडवा धरा आणि पानांच्या मागच्या बाजूने पाण्याचा जोर द्या. मग एकेक पान दोन बोटांत मऊ फडक्यात धरून देठाकडून टोकाकडे पुसा. देठाच्या बेचक्यात कापसाची काडी फिरवा. अंड्यांना काही होत नाही, ती फुटून नवे कोळी निघतात. म्हणून हे दोनदा करून थांबले की सगळे मुसळ केरात.

झाडांसाठी मिळणारा पोटॅशियमचा साबण लेबलवरच्या प्रमाणात चालेल, कपड्यांची पावडर चालणार नाही. पण हा साबण बोअरच्या पाण्यात कालवू नका. जड पाण्यातल्या कॅल्शियमशी त्याची साय बनते आणि कोळ्यासाठी काही उरत नाही. आरओचे किंवा एसीच्या नळीतून येणारे पाणी घ्या.

डाळिंबवाला_मंगळवेढा · १४ मे, सकाळी ६.३०

प्युबिकॅलिक्सच्या वाढणाऱ्या ठिपक्याबद्दल मी लिहितो. आत वर्तुळे, कडेला पिवळी झाक आणि कोरडा मध्य, हे करप्यासारखे, म्हणजे बुरशीचे दिसते. ती दोन पाने देठासकट काढा. इथे पान वाचवण्यात अर्थ नाही. कात्री प्रत्येक कापानंतर स्पिरिटने पुसा आणि पाने कुंडीत टाकू नका. पुन्हा नवे ठिपके आले तरच कॉपर ऑक्सिक्लोराईड, लिटरला अडीच ग्रॅम, संध्याकाळी, आणि आधी एका पानावर. दहा दिवस नवे ठिपके आले नाहीत तर काहीच देऊ नका.

एक विचारतो: कुरिअरने आलेले रोप कशात लावले आहे? खालची पाने आधी धरली, म्हणून विचारले.

जुळेसोलापूर_गॅलरी · १४ मे, रात्री ८.५०

दादा, तुमचा नेम अचूक बसला. दिरांनी शेतातली काळी माती आणून दिली होती, तीच भरली. वरून भेगा पडल्या की मला वाटायचे झाड तहानले आहे, म्हणून रोज रात्री पाणी घालत असे, पानांवरूनच. आज रोप उपसले, तर आत मातीचा ओला गोळा होता आणि तळाची मुळे तपकिरी होऊन बोटाने सालीसारखी सुटून आली. वरची मुळे पांढरी आहेत.

दोन पाने कापली. कापताना पांढरा चीक निघाला आणि हाताला चिकटला, तो काही अपायाचा आहे का? आणि कार्नोसाच्या वेलावर जागोजाग बोटभर लांबीचे वाळके खुंट आहेत, तेही कात्री हातात आहे तोवर छाटून टाकू का? दरवर्षी छाटतेच.

कण्हेर_होटगीरोड · १४ मे, रात्री ९.३०

ताई, कात्री खाली ठेवा! ते खुंट फुलांचे दांडे आहेत. होयाला पुढच्या वर्षी फुले त्याच दांड्याच्या टोकाला येतात. चार वर्षे वेल असून फुले का नाहीत, याचे उत्तर बहुधा तुमच्या केराच्या टोपलीत गेले.

चिकाबद्दल: होया रुई आणि कण्हेर यांच्याच कुळातला आहे, म्हणून चीक. डोळ्यांना लागू देऊ नका, हात धुवा, बाकी घाबरू नका. याच नात्यामुळे आणखी एक पाहुणा येतो. रस्त्याकडेच्या रुईच्या शेंड्यांवर जो हळदी रंगाचा, काळ्या पायांचा मावा गच्च बसलेला असतो, तो होयाच्या कोवळ्या शेंड्यांवर आणि कळ्यांवरही येतो. माझ्या कुंपणाबाहेर रुई आहे, त्यामुळे मला दरवर्षी हा अनुभव येतो. बोटांनी चिरडून पाण्याने धुतला की पुरते. पान चिकट लागून वर काजळी धरली तर ती काजळी पुसण्याआधी वरच्या पानाखाली मावा, खवले कीड किंवा पिठ्या ढेकूण शोधावा. काजळी त्यांच्या गोड स्रावावर वाढते. फुलांतून गळणाऱ्या मधानेही पाने चिकट होतात, तेव्हा वर फुले असतील तर नसती धावपळ करू नका. पिठ्या ढेकणाला सत्तर टक्क्यांच्या स्पिरिटात बुडवलेली कापसाची काडी टेकवली की तो जागीच विटकरी पडतो.

ताणाबाणा · १५ मे, सकाळी ७.१५

काळ्या मातीचे ऐकून वाईट वाटले. ज्वारीला ती सोने आहे, होयाच्या मुळांना मात्र तिच्यात श्वास घेता येत नाही. तपकिरी मुळे कापून टाका; नारळाच्या सोडणांचे तुकडे, परलाईट (कुंडीत घालायचे हलके पांढरे खडे) आणि थोडे गांडूळखत अशा भुसभुशीत मिश्रणात, मुळे मावतील एवढ्याच लहान कुंडीत लावा. पाणी रोजच्या सवयीने घालू नका. होयाचे पान दोन बोटांत हलकेच दुमडून पाहा. ताठ असेल तर पाणी नको, चामड्यासारखे लवले तर द्या. बोअरचेच पाणी वापरावे लागत असेल तर महिन्यातून एकदा साठवलेले चांगले पाणी तळाच्या भोकांतून भरपूर वाहून जाईल इतके ओता, म्हणजे क्षार धुऊन जातील. पानांची टोके वाळण्यामागे पुष्कळदा हा क्षारच असतो.

एका गोष्टीवर नजर ठेवा. नव्या पानांवर पिवळी कडी किंवा नागमोडी पिवळ्या रेघा उमटल्या आणि कीड कुठेच सापडली नाही, तर विषाणूचा संशय घ्यावा. त्याला औषध नाही. असे रोप वेगळे ठेवायचे, त्याची फांदी कोणाला द्यायची नाही.

नवीपेठ_टेरेस · १५ मे, सकाळी १०.४०

माझ्या होयाचीही पाने गंजलेली आहेत आणि मी त्याला दोनदा इमिडाक्लोप्रिड दिले होते, हे आता सांगायला हरकत नाही. टिचकी मारून पाहिली. कागद चालू लागला.

जुळेसोलापूर_गॅलरी · २८ जून, रात्री ९.००

उशिरा लिहिते आहे, कारण सांगण्यासारखे काही दिसेपर्यंत थांबायचे ठरवले होते. कार्नोसा नऊ वेळा धुतला. शेवटच्या तीन खेपांना कागदावर धुळीखेरीज काही पडले नाही, त्यामुळे गंधकाची पुडी अजून बंदच आहे. जुनी गंजलेली पाने तशीच आहेत, पण पाऊस सुरू झाल्यापासून तीन नवी जोडपाने आली आणि भिंगातून त्यांची मागची बाजू नितळ दिसते. उन्हाच्या चट्ट्यांवर ६ मेची रेघ अजून आहे आणि चट्टे तिच्या आतच आहेत. प्युबिकॅलिक्सवर नवा ठिपका आला नाही, कॉपर लागले नाही. खुंट एकही छाटलेला नाही.

गेल्या आठवड्यात ढगाळ हवेत मी केरीला सवयीने दोनदा पाणी घातले, आणि आता त्याच्या दोन पानांच्या मागे बाजरीच्या दाण्याएवढे टणक, बुचासारखे फोड आले आहेत. आरपार दिसत नाहीत, पसरत नाहीत, कागदावर काही पडत नाही. मुळांनी ओढलेले पाणी दमट हवेत पानांतून बाहेर पडले नाही आणि पेशी फुटून खपली धरली, असा माझा अंदाज आहे. पाणी थांबवले आहे, फोडांभोवती रेघ ओढून आजची तारीख घातली आहे. चूक असेल तर सांगा.

ताणाबाणा · २८ जून, रात्री ९.४५

अंदाज बरोबर आहे. भिंगातून फोडांचा फोटो काढता आला तर इथे टाका, नव्या लोकांना उपयोगी पडेल.

जुळेसोलापूर_गॅलरी · २८ जून, रात्री १०.०५

भिंग दिरांनी मागच्या रविवारी सांगोल्याला नेले, ते परत आल्यावर टाकते.